एका बोटाचा पाय

शिलाई मशिनीच्या सुईखाली एक लोखंडी पाय असतोय. कापड दाबून धरायचं त्याचं काम. साध्या पायाला दोन बोटं असतात, त्याच्या मदून सुई खालवर व्हती. चेन लावायची असली का तो काढायचा आन् एका बोटाचा पाय लावायचा, म्हंजे चेनीचे दात आडवे येत न्हाईत. एक इस्क्रू ढिला करायचा, एक आवळायचा. चहाला उकळी येऊस्तर व्हतंय येवढंसं काम. त्या कामापायी माझ्या थोरल्या जावंचा डोळा गेला, आन् कसूर माझा व्हता. मी ते लय वर्सं कुणालाच सांगितलं न्हाई.

आमचं गाव बोरीपसून जवळच. घरात सासू, दोघं भाऊ, आमी दोघी जावा आन् लेकरं. जमीन थोडी, कोरडवाहू. दोघी बी लोकायच्या रानात खुरपायला, कापूस येचायला जायचो. मी दुसरीपस्तोर शाळा शिकलेली. आक्का, म्हंजे थोरली जाऊ, त्या शाळेत गेल्याच न्हवत्या.

एका साली गावात शिवणाचा क्लास आला. सरकारी योजना व्हती. समाजमंदिरात तीन महिने शिकवणार आन् शेवटाला घरटी एक मशीन देणार. सासूनं कागदावर थोरलीचं नाव घातलं. मला बी जायचं व्हतं. मी तोंड फुगवून बसले, तवा सासू म्हणली, "दोघी गेल्यावर भाकरी काय मशीन थापील? एक दिस ती जाईल, एक दिस तू जा."

तसंच केलं. शिकवणाऱ्या बाई परभणीहून यायच्या, त्यांनी बी चालवून घेतलं. सांजच्याला चुलीम्होरं बसायचं आन् जी शिकून आली तिनं दुसरीला सांगायचं. आक्का परातीत पीठ पसरायच्या आन् त्याच्यावर बोटानं झंपराचा मुंढा काढून दाखवायच्या. "हितं असा वळवायचा गं, न्हाई तर काखंत वढतंय. बाईचा जीव घाबरा व्हतोय कापूस येचताना." मंग तेच पीठ मळून भाकरी. आक्कानं माझ्यापसून काय बी राखलं न्हाई. त्यांना कात्रीचा हात लय चांगला. एकदा बघितलं का कापड कापून मोकळ्या.

एक दिस पाळी आक्काची व्हती. पण सकाळीच माझं आन् सासूचं भांडण झालं. आक्का हळूच म्हणल्या, "आज तू जा. घरात ऱ्हायलीस तर दोघीतल्या एकीचं डोकं फुटंल."

मी गेले. त्याच दिशी बाईनं पाय बदलायचं शिकवलं. पेपरावर सगळे पाय मांडले. दोन बोटाचा, एका बोटाचा, कड मुडपायचा. सुई सगळ्यात वर घ्यायची, मागची दांडी उचलायची, इस्क्रू ढिला करायचा, जुना पाय काढायचा, नवा वरपस्तोर सरकवून इस्क्रू आवळायचा. आन् मंग बाई तीन तीनदा म्हणल्या, "पाय बदलला की लगेच पायडल मारायचं नाही. आधी चाक हाताने फिरवा. सुई खाली येऊ द्या, पायाला लागते का बघा. लागली तर समजायचं पाय वाकडा बसलाय. तसंच पायडल मारलं तर सुई मोडून उडते."

घरी येताना माझ्या मनात एक गोष्ट आली. सगळ्या बाया म्हणायच्या, कापावं तर थोरलीनं. माझं नाव कुणी घेत न्हवतं. मला वाटलं, येवढं एक काम आपल्यापाशी ऱ्हाऊ द्यावं.

चुलीम्होरं आक्कानं इचारलं, "आज काय शिकिवलं गं?"

"काय न्हाई. पाय बदलायचं. तुमाला काय करायचंय त्याचं, मी हाय की."

"बरं झालं माय. त्या लोखंडाची मला भीवच वाटती," म्हणल्या आन् माझ्याच ताटात गरम भाकरी टाकली.

तीन महिन्यानं मशीन आली. आक्का कापायच्या, सरळ शिलाई मारायच्या. चेन आली, वढणीची कड आली का मला हाक. "ये गं पायवाली!" सगळी आळी मला पायवाली म्हणायला लागली. मला ते आवडायचं. दोघीच्या हातानं मिळून एक पुरा शिंपी झालता. ती चार वर्सं बरी गेली. तवा ते कळालं न्हाई.

सासू वारली आन् भावाभावाचं फाटलं. गोठ्याच्या जागेवरून सुरू झालं आन् अंगणात भित उभी ऱ्हायली. भांडी वाटली, जनावरं वाटली. मशीन थोरल्याकडं गेली, कागदावर आक्काचं नाव व्हतं. मी चार माणसाम्होरं काय बोलले न्हाई. पण पायाची डबी माझ्या पेटीत व्हती. ती मी काढून दिली न्हाई आन् कुणी मागितली बी न्हाई. शेजारची म्हातारी हसून हसून म्हणली, "कसली वाटणी म्हणावं ही! एकीला नवरी, एकीला नुसती जोडवी!"

पुढच्या साली आमच्या मालकाचा उजवा हात मळणी यंत्रात गेला. जीव वाचला, पण चार बोटं गेली. तीन लेकरं व्हती, धाकटी अंगावर पीत व्हती. मी रोज रानात. बोंडाच्या टोकानं नखाच्या कडा फाटायच्या, भाजीत मीठ टाकताना झणझण व्हायचं. रडायला सवड नसती अशा वक्ताला. सकाळ झाली का उठायचं, येवढंच.

आक्का घरी सावलीत बसून शिवायच्या. मला ते बघवत न्हवतं. एकदा नळावर त्या म्हणल्या, "तुझ्याबिगर काय अडलं न्हाई बघ माझं." हसत म्हणल्या. आज मला वाटतंय, त्या मला बोलवायला लागल्या व्हत्या, पण सरळ बोलवायला त्यांना बी जड जात असंल. तवा मला ते बोलणं लागलं. घागर भरली आन् वळले.

मंग शाळंत गॅदरिंग आलं. मॅडमनं आक्काकडं पोरींचे आठ झगे दिले, पाठीला चेन लावायचे. भित झाल्यापसून पहिल्यांदा आक्का माझ्या उंबऱ्यावर आल्या. मी नुकतीच कापसाचं बोचकं टेकवून बसले व्हते.

"एका बोटाचा पाय दे गं," आक्का म्हणल्या. "आन् दोन घडी येऊन लावून दे."

"पाय न्या की. पण मी कशी येऊ? मला रोजच रान हाय. सावलीतलं काम नसतंय आमचं."

त्या ते गिळून गेल्या. "बरं. मंग सांग तरी कसा लावायचा."

मी पेटी उघडली, डबीतून पाय काढला, त्यांच्या हातावर ठिवला आन् सांगितलं. सुई वर घ्या. दांडी उचला. इस्क्रू ढिला करा. ह्यो काढा, त्यो बसवा. इस्क्रू आवळा. त्या एक एक बोट मिटत ऐकत व्हत्या.

"येवढंच?"

"येवढंच," मी म्हणले.

चाकाचं मला याद व्हतं. इसरले असं न्हाई. बाईचा आवाज बी कानात व्हता. पण मी म्हणलं, मोडू दे एक सुई, मोडू दे दोन, मंग येतील भितीपाशी, 'ये गं पायवाली' म्हणत. मला ती हाक ऐकायची व्हती. डोळ्याचं माझ्या मनात बी न्हवतं. पण सुई मोडंल हे मला मालूम व्हतं, आन् मी गप बसले.

दुसऱ्या दिशी सकाळी मी भाकरी थापायले, तवर पलीकडून वरडल्याचा आवाज आला. हात पिठाचे तसेच घेऊन पळाले. आक्का मशिनीपाशी खाली बसल्या व्हत्या, उजवा डोळा तळहातानं दाबलेला, बोटातून पाणी आन् रगात. मशिनीत तांबडा साटिनचा झगा अडकलेला, सुई अर्धी मोडलेली. पाय तिरका बसला व्हता. मी आदी पाय बघितला. आक्काच्या डोळ्याकडं मंग बघितलं.

"मलाच जमलं न्हाई बघ," आक्का म्हणल्या. "वाकडा बसवला मी."

मी म्हणले, "ऱ्हाऊ द्या, बोलू नका."

एसटीनं जिंतूरला नेलं, तितून परभणीला. सुईचा तुकडा बुबुळालाच लागला व्हता. डाक्टरनं पराकाष्ठा केली. मी दर खेपंला संगं गेले, रोजगार बुडवून गेले. औषधाचे थेंब मीच टाकायची. दोन अडीच महिन्यानं पट्टी सुटली, तर डोळ्यात फूल पडलेलं. पांढरं, जवारीच्या दाण्यायेवढं. उजेड कळायचा, माणूस कळायचं न्हाई.

गावात माझं कौतुक व्हायला लागलं. वाटणी झाल्यावर बी येवढं करणारी जाऊ, म्हणायचे. मी खाली मान घालून ऐकायची.

ते आठ झगे डोळ्याला पट्टी असतानाच मीच शिवून दिले. गॅदरिंगचा दिस ठरलेला व्हता. आक्काच्या घरी त्यांच्याच मशिनीवर बसले, पाय सरळ बसवला, चाक हातानं फिरवून बघितलं आन् दीड दिवसात काम उरकलं. चाक फिरवताना आक्का पलीकडच्या खोलीत पडून व्हत्या.

त्यानंतर महिनाभरानं आक्काचे मालक आन् थोरला पोरगा मशीन उचलून माझ्या दारात आले. पाठीमागं आक्का. "ठिव तुझ्याकडं. तूच चालव. मला तिच्याकडं बघू वाटत न्हाई." मी नगं म्हणायला पायजे व्हतं. माझा नवरा एका हाताचा, लेकरं तीन. मी म्हणले, "बरं."

त्या मशिनीवर माझं घर उभं ऱ्हायलं. रानातला रोजगार सुटला. पोरगा शिकला, दोघी पोरी उजवल्या. आक्काला मी काज, बटनं, हातशिलाईचं काम द्यायची. त्या एका डोळ्यानं करायच्या आन् लय बारीक करायच्या. पण मशीन चालू झाली का कापड घेऊन बाहीर अंगणात जायच्या. त्या आवाजात बसायच्या न्हाईत.

डोळ्यापरीस एक दुसरंच झालं. आक्का सोतालाच हसायला लागल्या. बचत गटातल्या बायांनी सही शिकायला बोलवलं, तर म्हणल्या, "मला नगं माय. मी सुई मोडणारी बाई. पेन दिलं तर दुसरा डोळा घालवीन." सगळ्या हसल्या. गटाची अध्यक्ष करायचं ठरलं, तर तेच. सुनंनं मोबाईल हातात दिला, तर तेच. "मी मठ्ठ हाय बाबा, माझ्या नादी लागू नका." जिनं एकदा बघून झंपर कापलं, ती बाई आयुष्यभर अंगठाच उठवत ऱ्हायली. आन् त्या हसण्यात मी बी असायची.

सांगावं वाटायचं. एकदा परभणीच्या बसस्थानकात, दवाखान्यातून येताना, तोंडापस्तोर आलं व्हतं. आक्कानं केळी घेतली आन् अर्धी मला दिली. मी केळ खाल्लं. एकदा त्यांचे मालक वारले तवा. एकदा माझे वारले तवा. प्रत्येक वेळी म्हणलं, आता नगं. सांगितलं तर मशीन परत द्यावी लागंल, हे बी मनात व्हतं. खोटं कशाला बोलू.

आता ह्या साली दिवाळी झाल्यावरची गोष्ट. आक्काच्या नातवाचं लग्न झालं, नातसून आली. पोरगी बारावी शिकलेली, चुणचुणीत. म्हणली, "धाकट्या आजी, मला शिवण शिकवा." दुपारच्याला ती आली, संगं आक्का आल्या. मशीन बंदच व्हती म्हणून आक्का आत आल्या, दाराजवळ खुर्चीवर बसल्या. पोरीनं चहा ठिवला. आक्का म्हणल्या, "शिक बाई, शिक. आमच्या घरात एक तरी शानी निघू दे."

मी पोरीला पाय बदलायचं दाखवत व्हते. तिनं भराभर केलं. साधा काढला, एका बोटाचा बसवला, इस्क्रू आवळला आन् पायडलावर पाय ठिवला. मी तिचं मनगट धरलं.

"थांब! आदी चाक हातानं फिरव. सुई पायाला लागती का बघ. न्हाई तर मोडून डोळ्यात उडंल."

तोंडातून गेलं. इतक्या पोरींना शिकवलं, सगळ्यांना हेच सांगितलं. सवयीनं गेलं. आक्का मागं बसल्यात हे ध्यानात ऱ्हायलं न्हाई.

पाठीमागून आवाज आला, "हे बी असतंय व्हय?"

पोरगी हसली. "अवो आजी, पहिलं हेच असतंय. मोबाईलवर बी हेच दाखवत्यात."

मी वळले. आक्का माझ्याकडं बघत व्हत्या. चांगल्या डोळ्यानं बघायचं म्हणून त्यांना मान जरा तिरकी करावी लागती, तशी केली व्हती.

"तू मला हे सांगायचं इसरलीस का गं?" त्या म्हणल्या.

त्यांनी मला वाट करून दिली व्हती. व्हय म्हणले असते तर तितंच मिटलं असतं. आक्का म्हणल्या असत्या, जाऊ दे, माणूस इसरतंय.

मी म्हणले, "इसरले न्हाई, आक्का. मला याद व्हतं. सांगितलं न्हाई."

पोरगी हातात कापड धरून उभी. गॅसवर चहा उतू गेला, तिनं जाऊन बंद केला. आक्का पदराच्या काठावरून बोट फिरवत बसल्या. मंग म्हणल्या, "डोळ्याचं सोड. म्हातारपणी तसं बी दिसत न्हाई कुणाला. पण मी इतकी वर्सं सोताला मठ्ठ म्हणत आले गं. चारचौघीला हसवत आले. तू बी हसायचीस."

"व्हय," मी म्हणले. "हसायची."

"तुझ्यासाठी मी पाळी सोडली व्हती त्या दिशी."

"व्हय."

हात जोडावे असं मनात आलं, पण हात उचलले न्हाईत. इतक्या वर्सानं हात जोडणं म्हंजे त्यांनाच कामाला लावणं, 'ऱ्हाऊ दे' म्हणायच्या कामाला. आक्का उठल्या. पोरीला म्हणल्या, "चल." चहा तसाच ऱ्हायला.

तिसऱ्या दिशी नातू आन् नातसून दारात आले. पोरगी खाली बघत म्हणली, "आजी म्हणायल्यात, मशीन द्या."

माझा पोरगा घरी व्हता. तो चिडला. "आई, कशाची मशीन? तू जलमभर चालवली. आपली हाय ती."

"त्यांची हाय," मी म्हणले. "कागदावर बी त्यांचं नाव हाय."

"मग मी नवी आणतो तुला."

"नगं. आता कुणाचं शिवायचं मला?"

मी मशीन पुसली, तेल घातलं, खालच्या फळीवरला दोरा-कचरा झाडला. सगळे पाय मोजून डबीत घातले आन् डबी खणात ठिवली. वाटणीच्या वक्ताला जे करायला पायजे व्हतं ते आता केलं. त्यांनी मशीन उचलली, जिथं ती व्हती तितं फरशीवर चार खुरांचे डाग तेवढे ऱ्हायले.

तवापसून आक्का माझ्याकडं आल्या न्हाईत. नळावर दिसल्या तर घागर भरून वळत्यात. शिवी दिली असती तरी बरं वाटलं असतं. त्या देत न्हाईत.

पोरगी दुपारची गटाच्या कामाला जाती. घरात आक्का एकट्याच असतात. आन् दुपारीच पलीकडून मशिनीचा आवाज येतोय. हळू चालती. थांबती. परत चालती. पोरगी म्हणती, जाताना मी सुईत दोरा ववून देते, बाकी आजी कुणाला हात लावू देत न्हाईत. परवा आवाज थांबला आन् लय वेळ थांबून ऱ्हायला. मला आवाजावरून कळतंय. दांडी उचलली, इस्क्रूचा किर्र आवाज झाला. त्या पाय बदलत व्हत्या. मी तांदूळ निवडायचं सोडून भितीपाशी गेले.

"आक्का," मी हाक मारली. "येऊ का लावायला?"

पलीकडून आवाज आला, जवळूनच.

"नगं. येतंय मला."

मी जरा वेळ तितंच उभी ऱ्हायले. मशीन चालू झाली. मंग आत आले आन् ऱ्हायलेले तांदूळ निवडले.